पाटावर बसण्याची पाळी

सोलापुरातील एका छापखान्याच्या माळ्यावर दर गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही चौदा जण जमत असू. कोणाचे शाळेच्या गणवेशांचे शिलाईचे युनिट, कोणाचे इन्व्हर्टर आणि बॅटरीचे दुकान, एक ताई कडक भाकरी पाकिटात घालून विकणाऱ्या, एक सीसीटीव्ही कॅमेरे बसवणारा तरुण, एक कर सल्लागार, आणि ज्यांच्या जागेत आम्ही बसत होतो ते छपाईवाले काका. माझा आणि माझ्या यजमानांचा तेलाचा लाकडी घाणा आहे. प्रत्येक बैठकीत एकाने आपला धंदा बाकीच्यांसमोर उघडा करून ठेवायचा, वह्या, बिले आणि माल घेऊन मधल्या टेबलाशी बसायचे आणि पाऊण तास मिळेल त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, असा आमचा शिरस्ता होता. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला "पाटावर बसणे" असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. नवरदेवाला पाटावर बसवल्यावर येणारा-जाणारा जसा न्याहाळतो, तसे ते न्याहाळणे असे. फरक इतकाच की इथे हळद लागत नव्हती, चटके लागत होते.

मी या गटात कशी आले, ते आधी सांगायला हवे. यजमान टॉवेलच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. ती नोकरी सुटल्यावर २०१९ च्या दसऱ्याला आम्ही घाणा सुरू केला. यंत्र त्यांनी सांभाळायचे आणि विक्री मी पाहायची, अशी वाटणी आपोआपच झाली, कारण गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की हे पेंडीचे पोते उचलायला आत जात. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. लोक घरपोच माल मागू लागले आणि "प्रतिकारशक्ती" हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी बसला, त्यामुळे आमची विक्री वाढली आणि आपल्याला धंदा जमला असा आमचा समज झाला. २०२२ पर्यंत तो समज पुरता उतरला होता. दुकानात गर्दी दिसे, वहीत विक्री दिसे, पण महिनाअखेरीस शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याला द्यायला पैसे नसत. त्या काळात मी साडेचार हजार रुपये भरून एका हॉटेलातील दोन दिवसांच्या शिबिरालाही जाऊन आले. तिथे आम्हाला डोळे मिटून स्वतःला कोट्यधीश म्हणून पाहायला लावले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला टाळी देऊन "मी करू शकतो" असे ओरडायला लावले. दोन दिवस अंगात वारे भरल्यासारखे झाले खरे. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला आणि ते निघून गेले. छापखान्यातल्या गटाबद्दल मला कडक भाकरीवाल्या ताईंनी सांगितले, तेव्हा हेही त्यातलेच असेल असे मला वाटले होते. पण तिथे प्रवेश फी नव्हती, चहाचे पैसे आळीपाळीने द्यायचे होते आणि उशीर झाला तर पन्नास रुपये दंड होता. दंड आहे म्हटल्यावर माणसे कामाची असावीत, असे मनाशी धरून मी गेले.

माझी पाटावर बसण्याची पाळी पाचव्या आठवड्यात आली. मी शेंगदाण्याच्या तेलाच्या दोन बाटल्या, खरेदीची बिले आणि माझी हिशेबाची वही घेऊन गेले होते. गणवेशवाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, एक लिटर तेल तुम्हाला कितीला पडतं?" मी चटकन सांगितले, दोनशे चाळीस रुपयांना. विकत होते तीनशेला, म्हणजे साठ रुपये सुटतात. त्यांनी मान हलवली आणि फळ्यावर मांडून दाखवायला सांगितले.

मी मांडले. घाण्याच्या एका खेपेला पंधरा किलो शेंगदाणे लागतात. तेव्हाच्या ११५ रुपये भावाने त्याचे १,७२५ रुपये झाले. तेल निवळून, खालचा गाळ काढून हाती येते ५ किलो ७०० ग्रॅम. शेंगदाण्याचे लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून त्याचे सव्वासहा लिटर होतात. साडेआठ किलो पेंड ३८ रुपयांनी गेली की ३२३ रुपये परत येतात. उरले १,४०२, त्याला सव्वासहाने भागले तर लिटरला २२४ रुपये. बाटली, झाकण आणि लेबल यांचे १६ धरले की २४० होतात. एवढे लिहून मी खडू खाली ठेवला.

"वीजबिल?" बॅटरीवाल्यांनी विचारले. "गाळ्याचं भाडं? शेंगदाणे निवडायला बाई येते म्हणालात, तिचा पगार? घरपोच देता त्याचं पेट्रोल?" मी एकेक आकडा सांगत गेले आणि काका तो फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात लिहीत गेले. भाडे ६,०००, वीज २,४००, बाईंचे ७,०००, पेट्रोल २,६००. बेरीज १८,००० झाली. महिन्याला मी २६० लिटर तेल विकत होते, म्हणजे लिटरमागे एकोणसत्तर रुपये. दोनशे चाळीस अधिक एकोणसत्तर, तीनशे नऊ. मी ते तीनशेला विकत होते.

माळ्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. खालच्या छपाई यंत्राची धडधड तेवढी ऐकू येत होती. मग कर सल्लागारांनी हळूच विचारले, "आणि तुमचा दोघांचा पगार यात कुठे आहे?" तो कुठेच नव्हता. लिटरमागे नऊ रुपये पदरचे घालून आम्ही दोघे दिवसाचे बारा तास राबत होतो, आणि घर चालत होते ते यजमानांच्या फंडाच्या व्याजावर. विक्री जितकी वाढेल तितके खड्ड्यात जाणार होतो, आणि मी मात्र आणखी गिऱ्हाइके कशी मिळवावीत हे विचारायला तिथे गेले होते. माझ्या वहीत त्या दिवशीचा प्रश्न तसाच लिहिलेला आहे: "जाहिरात कुठे करावी?"

त्याच बैठकीत आणखी एक भोक सापडले, ते मला आजही पहिल्यापेक्षा जास्त लागते. आमची एक तृतीयांश गिऱ्हाइके घरून किटली किंवा बरणी घेऊन येत आणि सुटे तेल नेत. ते तेल मी काट्यावर किलोने तोलून देत असे, पण दर मात्र लिटरचाच लावत असे, कारण "किलो म्हणजेच लिटर" असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. किलोभर तेल मात्र जवळजवळ अकराशे मिलिलिटर भरते. म्हणजे प्रत्येक किटलीमागे, प्रत्येक किलोला, शंभर मिलिलिटर तेल मी फुकट ओतत होते, आणि ज्यांना ओतत होते त्यांनाही ते ठाऊक नव्हते. दानाचे पुण्यसुद्धा पदरी पडले नाही. शिवाय खाद्यतेल सीलबंद आणि लेबल लावलेल्या पॅकिंगमध्येच विकावे असे २०११ चे अन्नसुरक्षा नियम सांगतात, हे कर सल्लागारांनी लक्षात आणून दिले. तेव्हापासून सुटी विक्री बंद केली आणि पाच लिटरचा सीलबंद कॅन सुरू केला. किटलीवाल्या आजोबांपैकी दोघे रागावले ते रागावलेच.

दर वाढवायला हवा हे आकड्यांनी सांगितले होते. तो तोंडाने सांगणे ही वेगळीच परीक्षा ठरली. आम्ही ३८० रुपये ठरवले. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला मी म्हणाले, "तीनशे ऐंशी, म्हणजे शेंगदाण्याचे भाव वाढलेत ना, आणि बाटलीपण महागलीय, तरी तुम्ही नेहमीचे म्हणून तीनशे पन्नास द्या." समोरची बाई अजून काही बोललीही नव्हती. पुढच्या गुरुवारी मी हे सांगितले तेव्हा सगळे हसले, आणि गणवेशवाल्यांनी मला उभे करून सराव करायला लावला. ते गिऱ्हाईक झाले. "कसं दिलं तेल?" "तीनशे ऐंशी रुपये लिटर," एवढे म्हणून मी थांबायचे होते. पहिल्या वेळी मी तीन सेकंदही थांबू शकले नाही. दुसऱ्या वेळी "पण" म्हणाले. सहाव्या की सातव्या खेपेस मी दर सांगितला, बाटली त्यांच्या पुढे सरकवली आणि गप्प राहिले. ते बाटली उजेडात धरून फिरवीत राहिले, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा समजले की मी दर सांगताना क्षमा मागत होते. कारखान्यात नोकरी करणाऱ्याच्या घरात पैसे मागणे कमीपणाचे मानतात. मी ते अंगातून काढायला चाळिशी ओलांडल्यावर शिकत होते. त्या शिबिरात ओरडून जे आले नाही, ते इथे गप्प राहून थोडेफार आले.

दर वाढल्यावर दीडशे बांधील घरांपैकी तेवीस घरे दोन महिन्यांत तुटली. विक्री २१५ लिटरवर आली. यजमान म्हणाले, "तुझ्या त्या मंडळींनी धंदा बसवला." मी फळ्यावरचा हिशेब वहीत उतरवून त्यांच्यासमोर ठेवला. २१५ लिटर विकून, सगळा खर्च वजा जाता, महिन्याला जवळपास बारा हजार रुपये हातात राहिले होते. आधीच्या २६० लिटरमध्ये उणे दोन हजार चारशे होते. त्यांनी वही दोनदा पाहिली, काही बोलले नाहीत, आणि घाण्याकडे गेले. त्यांचे समाधान होण्याची पद्धत तशीच आहे.

जाहिरातीकडे आम्ही त्यानंतर वळलो, आणि तिथे माझी आणखी एक फजिती झाली. माझे पत्रक मी मोठ्या हौसेने छापून घेतले होते: "शुद्ध, सात्त्विक, आरोग्यदायी, हृदयविकार, मधुमेह व सांधेदुखीवर गुणकारी, कोलेस्टेरॉलमुक्त." काकांनी ते वाचून बाजूला ठेवले आणि विचारले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी सांगितले, दुसऱ्या एका घाणेवाल्याच्या पत्रकातून घेतले. त्याने कुठून घेतले होते देव जाणे. मधुमेह किंवा हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. "कोलेस्टेरॉलमुक्त" म्हणावे तर वनस्पतीच्या कोणत्याच तेलात ते नसते, त्यामुळे ते सांगून आपण इतरांपेक्षा वेगळे ठरत नाही. उरले "शुद्ध" आणि "सात्त्विक". गणवेशवाले म्हणाले, "शुद्ध तर सगळेच म्हणतात. तुमच्या घाण्यावर असं काय दिसतं, जे पिशवीतल्या तेलात दिसत नाही?"

मी विचार करून सांगू लागले. घाणा सुरू झाला की पहिली वीस मिनिटे काहीच दिसत नाही, लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, उखळात फिरत राहते, शेंगदाण्याचा भरडा कडेला चढतो आणि पुन्हा खाली पडतो. मग भरडा ओला दिसू लागतो, खालच्या भोकातून आधी थेंब आणि नंतर गढूळ, दुधी रंगाची धार पडते, आणि सगळ्या गाळ्यात भाजल्यासारखा गोड वास भरतो. दोन-तीन दिवस निवळले की तेच तेल पारदर्शक पिवळे होते. घाण्यातून काढलेली गरम पेंड गुळाबरोबर खायला आमच्या गल्लीतली मुले वाट्या घेऊन उभी असतात. मी बोलायची थांबले तेव्हा काका म्हणाले, "हेच छापा. आणि लोकांना बघायला बोलवा."

कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला हा काकांचा आवडता विषय, तो त्यांनी त्याही दिवशी दिलाच. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, तो दूर झाल्याखेरीज लक्ष्मणरावांचा नांगर खपणार नव्हता. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून "किर्लोस्कर खबर" निघाली ती कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी, आणि तिचेच पुढे मासिक झाले. "माल विकायच्या आधी गिऱ्हाइकाची भीती विकत घ्यावी लागते," असे काका म्हणत. छापखानेवाल्याने छापील गोष्टीची थोरवी सांगावी यात नवल नाही, पण मुद्दा पटण्यासारखा होता. आम्ही दर शनिवारी दुपारी चार वाजता घाणा सर्वांना पाहायला खुला ठेवला. पत्रकावर दाव्यांच्या जागी एक ओळ आली: "शनिवारी चार वाजता या, तुमच्यासमोर घाणा लावतो, पेंड आणि गूळ आमच्याकडून." पहिल्या शनिवारी चार माणसे आली, त्यात दोन आमचेच नातेवाईक. पावसाळा संपेपर्यंत मात्र पंधरा-वीस जण येऊ लागले, आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येत हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती तेलाच्या धंद्यातली नव्हतीच. एका गुरुवारी बॅटरीवाले पाटावर बसले आणि त्यांनी दुकानातले भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. त्याच्या चौकोनांत पेन्सिलीने नावे लिहिलेली होती. इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते, ते गिऱ्हाईक हमखास विसरते आणि बॅटरी लवकर जाते. म्हणून बॅटरी विकली की ते चार महिन्यांनंतरच्या तारखेच्या चौकोनात त्याचे नाव लिहून ठेवतात आणि त्या दिवशी फोन करतात. पाणी भरण्याचे मोल किरकोळ असते; पण नवी बॅटरी घ्यायची वेळ आली की ते गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. मी ऐकत असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. तेलसुद्धा संपते, आणि प्रत्येक घरात ते ठरावीक दिवसांनी संपते. माझ्या बिलबुकात तर त्याच्या सगळ्या तारखा होत्या.

तोवर मी व्हॉट्सॲपवर काय करत होते, तर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार आणि खाली तेलाचे दर असा संदेश दोनशे छप्पन जणांच्या ब्रॉडकास्ट यादीला पाठवत होते. उत्तर येत नाही म्हणून मी सुविचार बदलून पाहिले. कॅमेरेवाल्या तरुणाने एका मिनिटात सांगितले की ज्यांनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही. यादीतल्या निम्म्याहून अधिक घरी मी दोन वर्षे शुभ सकाळ म्हणत होते आणि ती कोणाचीही होत नव्हती.

मी एक फुलस्केप वही केली. प्रत्येक घराला एक पान, त्यावर नेलेल्या तेलाची तारीख आणि माप. तीन-चार खरेद्यांवरून अंतर लक्षात येई: एका घरात तीन लिटर चाळीस दिवस पुरते, दुसऱ्या घरात पंचवीसच. संपण्याच्या चार दिवस आधी मी त्या घराला स्वतंत्र संदेश लिहू लागले: "काकू, १२ तारखेला तीन लिटर तेल नेले होते. संपत आले असेल तर गुरुवारी दुपारी तुमच्या भागात येणार आहे. आणू का?" त्यात सुविचार नाही, सवलत नाही. दहा संदेशांमागे सहा-सात जणांचे "आणा" असे उत्तर येऊ लागले. भागांचे वार ठरवले, सोमवारी जुळे सोलापूर, बुधवारी विजापूर रोड, गुरुवारी दुपारी होटगी रोड. त्यामुळे पेट्रोलही वाचले. एकदा एका काकूंनी उलट लिहिले, "अगं, गणपतीत पाहुणे होते, आठ दिवस आधीच संपलं, तू उशीर केलास." हा ओरडा मी यजमानांना दोनदा वाचून दाखवला.

तक्रारींशी कसे वागावे, हेही तिथेच उमगले. दिवाळीच्या आधी विजापूर रोडच्या एका काकूंचा फोन आला की शंकरपाळे तळताना तेल फसफसून गॅसवर सांडले, तेलात भेसळ आहे. पूर्वीची मी असते तर रिफाइंड तेल कसे वाईट यावर व्याख्यान दिले असते. पाळणे कठीण असा गटातला एक नियम होता, की तक्रार ऐकताना आधी विचारायचे आणि मग सांगायचे. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, कढई कोणती आणि आच किती ते पाहिले. घाण्याच्या तेलात शुद्धीकरण नसल्याने थोडा ओलावा आणि काही चिकट द्रव्ये राहतात, ती मोठ्या आचेवर एकदम फेस धरतात. तेल मंद आचेवर तापू दिले, फेस बसेपर्यंत थांबलो, मग शंकरपाळे सोडले. नीट तळले गेले. काकूंनी डबाभर दिले. परतल्यावर काकांनी लेबलात एक ओळ घातली: "तळणासाठी तेल मंद आचेवर तापवावे, सुरुवातीचा फेस बसल्यावर तळावे." तो एक विषय कायमचा मिटला.

उधारीच्या बाबतीत इतके चांगले सांगण्यासारखे नाही. एका खानावळीकडे आमचे सेहेचाळीस हजार अडकले होते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, असे २००६ चा कायदा सांगतो, आणि आमची छोटा उद्योग म्हणून सरकारी "उद्यम" नोंदणी कर सल्लागारांनी करून दिली होती. ती फुकट होते, हेही मला तेव्हाच कळले. तसे पत्र पाठवल्यावर अठ्ठावीस हजार आले. बाकीचे पैसे मी वहीत अजून लिहून ठेवले आहेत.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली, तेव्हा कडक भाकरीवाल्या ताईंनी होम मैदानावर भागीत स्टॉल घेऊ असे सुचवले. एकटीला भाडे परवडत नाही हे दोघींचेही दुखणे होते. त्यांच्या भाकऱ्या ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ आणि कडकडीत वाळवलेल्या; पाकिटातून पाहणाऱ्याला त्यांची चव कळत नाही, आणि माझे तेल तर बाटलीतून कळणारच नाही. आम्ही दोन्ही एकत्र केले. भाकरीचा तुकडा, त्यावर चमचाभर शेंगदाण्याची चटणी, आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार. सोलापूरच्या माणसाला हे काय ते सांगावे लागत नाही. एक वयस्कर गृहस्थ घास तोंडात घालून बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "आमच्या रानात करडई असायची. आई असंच द्यायची." त्यांनी लिटरभर तेल घेतले, दर विचारला तो पैसे देताना. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने मात्र कच्चे तेल खातात का म्हणून नाक मुरडले, आणि त्यांच्या मुलीने तीन तुकडे संपवले. चार दिवसांत लहान बाटल्या संपल्या आणि यजमानांना रात्री घाणा लावावा लागला. त्याहून मोलाची होती ती एकशे बारा घरांची यादी, नाव, भाग आणि फोन नंबरासह, जी ताईंनी हट्टाने प्रत्येकाकडून लिहून घेतली. ती माझ्या फुलस्केप वहीत गेली आणि त्यातली चाळीसेक घरे आजही आहेत.

गट सगळ्यांना लाभला असे मी म्हणणार नाही. एक गृहस्थ पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला विमा विकण्यासाठी येत, ते पाटावर बसायची पाळी आल्यावर दिसेनासे झाले. दुसऱ्या एकाने साखळी पद्धतीची योजना आणली, तिला काकांनी जिन्यातूनच परत पाठवले. आकडे उघडे करायची लाज वाटून तीन जण गेले. त्यांना मी हसत नाही, मलाही पाचव्या आठवड्यापर्यंत तेच वाटत होते. आज आम्ही नऊ जण उरलो आहोत. गणवेशवाल्यांचा हिशेब मांडताना मी एकदा त्यांच्या कापडाच्या कटाईतली नासाडी दाखवून दिली, तेव्हा त्यांनी खडू माझ्या हातात दिला. एरवी तो खडू ते कोणाला देत नाहीत.

गेल्या महिन्यात मी दुसऱ्यांदा पाटावर बसले. विक्री ४८० लिटरवर पोहोचली आहे, आणि दुसरा घाणा घ्यावा, केंद्र सरकारच्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत पस्तीस टक्के अनुदानही मिळत होते, असा आमचा बेत होता. मी यंत्राचे कोटेशन टेबलावर ठेवले. बॅटरीवाल्यांनी विचारले, "पहिला घाणा दिवसाचे किती तास चालतो?" मी सांगितले, तीन खेपा, म्हणजे साधारण चार तास. "मग उरलेल्या वेळात तो काय करतो?" गणवेशवाले म्हणाले. अनुदान पस्तीस टक्के आहे म्हणजे पासष्ट टक्के आपलेच आहेत, हे कर सल्लागारांनी जोडले.

कोटेशन मी घरी आणून कपाटात ठेवले आहे. यजमानांना दुसरा घाणा हवाच आहे. ते म्हणतात, यंत्र बंद पडले तर काय करायचे, हे तुझ्या त्या नऊ जणांनी विचारले का? ते कोणी विचारले नव्हते. येत्या गुरुवारी मी त्यांनाच बरोबर घेऊन जाणार आहे. आधी नाही म्हणाले, मग दंड किती आहे ते विचारले.